आक्कासाठी विमानातून हुरडा

"शेण हाय साहेब ते, शेण! गाईचं! बाँब न्हाई!"

चिकलठाण्याच्या विमानतळावर बाबांचा आवाज असा घुमला, की तिकडे दौलताबादच्या किल्ल्यातली वटवाघळं दचकून उठली असतील. आमची बॅग तपासणीच्या यंत्रातून गेली होती आणि पडद्यावर एकावर एक रचलेल्या गोल चकत्या दिसल्या होत्या. वर्दीतल्या माणसानं बॅग उघडायला लावली. आत बाबांच्या दोन सदऱ्यांच्या मधोमध, नव्या नवरीच्या शालूसारख्या जपून ठेवलेल्या गोवऱ्या. आईनं तोंडाला पदर लावला आणि हा गृहस्थ आपल्या ओळखीचाच नाही अशा चेहऱ्यानं ती चहाच्या दुकानाकडे बघत उभी राहिली.

गोवऱ्या कशाला, तर आत्यानं जेवण सोडलं होतं म्हणून.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या वर्षी लग्न होऊन ती बिदरला गेली. तेव्हा आमचं औरंगाबाद आणि तिचं बिदर एकाच राज्यात होतं. पुढं सरकारनं नकाशावर कात्री चालवली आणि आत्या बसल्या जागी कर्नाटकात गेली. हे सगळं दिल्लीवाल्यांनी आमच्या घरावर डूख धरून केलं, असं बाबांचं ठाम मत होतं.

त्या हिवाळ्यात आत्याला ताप आला, उतरला, पण तोंडाची चव काही परत आली नाही. पेज आणली की ती भिंतीकडे तोंड करायची. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, इच्छाच नाही. तिच्या सुनेनं फोनवर हे सांगता सांगता सहज जोडलं, की परवा एकदाच म्हणाल्या, आपल्या रानातला हुरडा असता तर बघितला असता. बाबांनी फोन खाली ठेवला आणि विळ्याला धार लावायला घेतली.

आता, ज्वारी काय बिदरला पिकत नाही? ढिगानं पिकते. आईनं तसं सुचवूनही बघितलं. बाबा म्हणाले, ती भाकरीची. हुरड्याची ज्वारी फक्त किल्ल्याच्या पायथ्याला आपल्या तुकड्यात येते, बाकी जगात सगळा कडबा. पण कणीस कापलं की त्याच्या दाण्यातलं दूध आटायला लागतं. सडकेनं निघालं तर पोचेपर्यंत दिवेलागण, आणि हातात राहणार चिवट दाणे. म्हणून विमान. तोवर बाबांचा विमानाशी संबंध एवढाच, की ते डोक्यावरून गेलं की ज्वारीवरची पाखरं उठायची, त्यामुळे त्यांना ते कामाचं वाटायचं. तर पहाटे बॅटरीच्या उजेडात आम्ही कणसं कापली, ओल्या पंच्यात गुंडाळली आणि पहिल्या विमानासाठी हजर झालो.

वर्दीवाला समजूतदार होता. तो म्हणाला, काका, जळणारी वस्तू विमानात नेता येत नाही.

"आन् तुमच्या इमानाच्या टाकीत काय ताक भरलंय व्हय?" बाबा म्हणाले.

तो हसला, पण गोवऱ्या मागंच राहिल्या. हुरडा गॅसवर भाजू, असं आई हळूच म्हणाली. बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं पोरीचं लग्न पोस्टानं उरकू म्हटलं होतं.

विमानात कणसांचं गाठोडं बाबांच्या मांडीवर. ते सीटखाली सरकवा म्हणून तिथल्या मुलीनं हात जोडले. अन्न पायाखाली ठेवत नसतात, असं तिलाच समजावून बाबांनी ते डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला दिलं, आणि पुढं हैदराबाद येईपर्यंत मान वर करून त्या कप्प्याकडे बघत बसले. मागच्या सीटवरच्या बाईला वाटलं, म्हातारा देवाचा धावा करतोय. घाबरून तीही पुटपुटायला लागली. तिचं बघून तिचा नवरा. विमान जमिनीला टेकलं तेव्हा निम्मी माणसं हात जोडून बसली होती, ही गोष्ट मी शपथेवर सांगायला तयार आहे.

हैदराबादहून बिदरसाठी गाडी केली. माझं घड्याळाकडे लक्ष, आईचं रस्त्याकडे आणि बाबांचं भिंतींकडे. वाटेत किल्ले गेले, तळी गेली, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. झहिराबादच्या अलीकडे एका खेड्यात घराच्या भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या दिसल्या आणि बाबा चालत्या गाडीचं दार उघडायला लागले. घरातली बाई बाहेर आली. तिला मराठी येईना, बाबांना तेलुगू. मग निजामाच्या काळातली दखनी कामाला आली.

"अम्मा, थोड़े उपले देते क्या? मेरी बहन खाना नहीं खारी."

बाईनं एकदा बाबांकडे, एकदा गोवऱ्यांकडे आणि एकदा आईकडे पाहिलं. बहिणीवर एवढा कसला राग, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी गाठोडं सोडून कणसं दाखवली तेव्हा ती मोकळं हसली आणि चांगल्या वाळक्या गोवऱ्या निवडून दिल्या. ड्रायव्हर म्हणाला, गाडी नवी आहे, गोवऱ्या ठेवायच्या नाहीत. बाबा म्हणाले, गाडीत कोण ठेवतंय. आणि पांढऱ्याशुभ्र धोतरावर गोवऱ्या घेऊन ते बिदरपर्यंत मांडी न हलवता बसले.

आत्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाबांनी दारातून तिची पाठ बघितली. पाठ कसली, पांघरुणाला पडलेली घडी. ते तडक गच्चीवर गेले, घमेल्यात आगटी पेटवली आणि निखाऱ्यात कणसं खुपसली. धूर असा उठला, की बहामनी सुलतान किल्ल्यात असता तर स्वारी आली समजून त्यानं दरवाजे लावून घेतले असते. शेजारचे लोक बादल्या घेऊन धावले. त्यांना आईनं जिन्यातच अडवून धरलं.

हुरडा खायचा तर गरमच. कणीस निवायची वाट बाबांनी बघितली नाही. हातात फडकं घ्या म्हणून मी ओरडत होते. त्यांनी उघड्या तळहातांवर ते चोळलं, फुंकर घालून कोंडा उडवला आणि दाण्यांची ओंजळ घेऊन धावत जिना उतरले.

"आक्का, इकडं वळ."

पांघरूण हललं. "कोण हाय?"

"मी हाय. तोंड उघड."

"येडा झाला काय तू?"

"व्हय. उघड."

ती वळली. बाबांनी चार दाणे तिच्या तोंडात घातले. जबडा एकदा हलला, थांबला, पुन्हा हलला. आम्ही सगळे, सून, बादल्यावाले शेजारी, वर भाडं घ्यायला आलेला ड्रायव्हर, श्वास रोखून तो जबडा बघत होतो. मग पांघरुणातून एक हात बाहेर आला आणि बाबांच्या ओंजळीतून दाणे उचलायला लागला. ओंजळ रिकामी झाली तेव्हा बाबांचे तळवे गाजरासारखे लाल दिसले.

"आक्का," बाबांनी विचारलं, "कसा हाय?"

आत्यानं ओठाला चिकटलेला कोंडा पुसला आणि दारातल्या सुनेकडे बघितलं.

"ह्यानं काय पोट भरतंय व्हय? भाकरी टाक."