तपासायला उघडलेलं रेकॉर्डिंग

आमचं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं काम. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावी घराच्या पडवीत दोन माग आहेत आणि समोरच्या खोलीत माझा कंप्युटर. साडीच्या काठांच्या नक्ष्या बाबा चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काढतात, मी त्या स्कॅन करून ठेवते. मागच्या वर्षी बाबांनीच टुमणं लावलं, "सगळ्या नक्ष्या कंप्युटरवर चढव. अन् तो बिघडला तं? बाहेरही कुठं ठेवून दे." स्कॅनिंग संपल्यावर मी एक ऑनलाइन बॅकअप सेवा पंधरा दिवस फुकट वापरून पाहायचं ठरवलं.

फाइली वर चढायलाच चार दिवस गेले. नक्ष्या, घरचे फोटो आणि बाबांच्या फोनवरची रेकॉर्डिंगं. ऑर्डर त्यांच्याच फोनवर येतात. रंग आणि मापावरून नंतर वाद नको, म्हणून प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होईल असं मीच करून ठेवलं होतं. बाबा ते कधीच विसरले होते.

पाचव्या दिवशी दुपारी, चढवलेलं नीट परत मिळतं का ते बघायला बसले. प्रत्येक फोल्डरमधली एक फाइल उतरवायची आणि उघडायची. नक्ष्या रेघ न् रेघ आल्या. फाइलींची मराठी नावंही शाबूत होती. मग एक रेकॉर्डिंग लावलं, पूर्ण वाजतं का पाहायला.

एक बाई बोलत होत्या. "काका, उजव्या डोळ्याची नजर आता परत येणार नाही. काचबिंदू डाव्यातही आहे. थेंब टाकता ना? घरून कुणाला घेऊन या म्हटलं होतं."

"थेंब सपले," हा बाबांचा आवाज. "पोरीले नका सांगू, मॅडम. तिच्या मांगं लय कामं आहेत."

रेकॉर्डिंग संपलं. तारीख पाहिली, आठ महिन्यांपूर्वीची. आठ महिने मी त्यांच्यासमोर बसून जेवत होते.

उठून पडवीत गेले. बाबा मान उजवीकडे वळवून कागदावर वाकले होते. त्यांची ती बसायची सवय आहे, असं मी समजत आले होते. मी समोर उभी राहिले.

"डावा डोळा झाका, बाबा. अन् सांगा, माझ्या हातात काय आहे?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. डोळा झाकला नाही.

"कोनं सांगतलं तुले?"

"तुमच्या फोनमधलं डॉक्टरांचं बोलणं ऐकलं मी. मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून का झालं असतं? डोळा तं गेलाच होता. नक्ष्या तेवढ्या वाचल्या पाहिजे."

मी त्यांचाच फोन उचलला आणि त्या डॉक्टरांची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांना नागपूरला त्याच डॉक्टरांकडे नेलं. गेलेली नजर आली नाही. डाव्या डोळ्याचीही कडेची नजर आठ महिन्यांत कमी झाली होती. पण तो वाचेल, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून थेंब मी स्वतः टाकते. बारीक काठ आता बाबा सांगतात आणि मी काढते. माझी रेघ वाकडी गेली की ते अजूनही कुरकुरतात.

फुकटची मुदत संपायच्या आधी मी त्यांना विचारलं, रेकॉर्डिंगं ठेवू की काढू?

"ऑर्डरचे ठेव," ते म्हणाले, "डॉक्टरचं काढून टाक."

सेवा घेतली. ते रेकॉर्डिंग मात्र अजून काढलेलं नाही, आणि हे मी त्यांना सांगितलेलं नाही.