मनुबाईने बदललेला शेवट

निपाणीच्या त्या तंबाखूच्या वखारीत साठ-सत्तर बायका पाला निवडायला बसत, आणि त्यांत वाचता येणारी मनुबाई एकटीच. दुसरी कुणी असती तर गावभर टेंभा मिरवला असता. ही बाई मात्र विचारल्याशिवाय सांगायची नाही. तिचा बाप गुंजी स्टेशनावर रुळाच्या कामाला होता. दिवसभरात गाड्या येणार मोजक्या, त्यामुळं मास्तरांच्या बायकोला बोलायलाही माणूस मिळायचं नाही. तिनं वेळ जाईना म्हणून या पोरीला पाटी धरून बसवलं आणि दोन वर्षांत घडाघडा वाचायला शिकवलं. चौदाव्या वर्षी लग्न होऊन मनुबाई निपाणीला आली. नवरा यल्लाप्पा बैलगाडी हाकायचा. त्या घरात पुस्तक कसलं, छापील कपटासुद्धा मिळणं मुश्कील होतं.

अक्षरं पुन्हा भेटली ती वखारीत. जैनाची तारामती शेजारी बसायची, आणि तिचा भाऊ वाचनालयात शिपाई होता. त्याच्याकडून कादंबऱ्या यायच्या. मनुबाई वाचायची आणि तारामती, जयाबाई, अंबुबाई ऐकायच्या. वाचताना मनुबाईचे हात थांबत, म्हणून तिघी आपापल्या ढिगातला निवडलेला पाला मूठमूठ तिच्या टोपलीत टाकायच्या. मुकादमाला हे ठाऊक होतं. "हात चालत्यात न्हवं? मग तोंड चालंना का," म्हणून तो दुसरीकडं बघायचा. धुळीमुळं सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली असत. वाचायचं तर मनुबाईला फडकं सोडावं लागे, आणि मग घरी जाऊन ती तासभर खोकायची. पण सोडायची ती सोडायचीच.

आणि खरी गंमत वाचण्यात नव्हती बरं का, ती पुढच्या भांडणात होती. एका कादंबरीतला, बापाची चोरी पोटात घालणारा पोरगा शहाणा की लबाड, यावर जयाबाई आणि तारामती आठ दिवस एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. तारामती म्हणायची, "क्षमा करायला छाती लागती." जयाबाई फडक्याआडून गुरगुरायची, "छाती न्हाय गं, इलाज नसला की माणूस क्षमा करतंय!" शाळेची पायरी न चढलेल्या या बायका, पण माणसाच्या मनाचा त्या असा काही कीस पाडायच्या की ऐकत बसावं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दोन वर्षं आधी एक जाडजूड कादंबरी आली. एका वकिलाला मूल होत नाही आणि तो दुसरी बायको करायला निघतो, अशी गोष्ट. पहिलीनं काय करावं? पहिल्याच दिवशी वाद पेटला.

"वकिलाच्या घरात बी ह्येच?" जयाबाई म्हणाली. "घरोघरी मातीच्या चुली म्हणायच्या!"

"तिनं मन मोठं करावं," तारामती म्हणाली. "आपली मनुबाई बग. सवतीची तीन पोरं वाढिवली. कदी तोंडातनं ब्र काढला का?"

मनुबाई पान शोधण्याचं निमित्त करून खाली बघत राहिली. अंबुबाई मात्र पाला निवडत राहिली. ती बोलणार तरी काय? तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती, आणि तिच्या नवऱ्यानं, मष्णूनं, चिकोडीकडची मुलगी बघून ठेवली होती. हे बाकीच्या तिघींनाही ठाऊक होतं. म्हणून तर पुस्तकातल्या बाईवरून भांडताना त्या अंबुबाईकडं न बघता भांडत. नाव वकिलाच्या बायकोचं, आणि काळजी या समोरच्या पोरीची.

मष्णू आणि यल्लाप्पा एकाच भावकीतले, आणि त्या भावकीत एक रीत होती. दुसरं लग्न करायचं तर पंचांपुढं पहिल्या बायकोनं आपल्या हातानं नव्या नवरीच्या बापाला सुपारी द्यायची. तिनं दिली की तिची संमती झाली, आणि न दिली तर नवरीचा बाप पोरगी द्यायला कचरायचा. येत्या सोमवारी सकाळी लक्ष्मीच्या देवळापुढं बैठक ठरली होती. अंबुबाई अजून हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती.

शुक्रवारी मष्णू मनुबाईच्या घरी आला. माणूस वाईट नव्हता, उलट फार अदबीनं बोलला. "वयनी, ती तुमचं ऐकती. तुमी कसं सोन्यासारखं केलंसा! तेवडं तिला समजावा. सोमवारी पंचांपुढं बी दोन शब्द बोला."

मनुबाई तोंड उघडायच्या आत यल्लाप्पाच बोलून गेला. "बोलंल की! आमच्या घरातली बोलंल. पंचांतल्या नागोजीअण्णास्नी मी शबूद दिलाय." आणि मिशीवरून हात फिरवून तो बैलांना पाणी पाजायला गेला. मनुबाईला कुणी विचारलं नाही. एकोणीस वर्षांमागं तिनं सुपारी दिली तेव्हाही विचारलं नव्हतं.

कादंबरीचा शेवट तिनं घरी आधीच वाचून काढला होता. पुस्तकातली बाई स्वतःच्या हातानं सवतीला कुंकू लावते, तिचं पोर मांडीवर घेऊन वाढवते, आणि शेवटच्या पानावर सगळी आळी तिला देवी म्हणून पाया पडते. लेखक तिथं इतका गहिवरलाय की विचारू नका. मनुबाईला मात्र त्या कागदाची चीड आली. अरे, देवी म्हणतोस, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ती काय करते ते लिही ना! आता हे वाचून दाखवलं तर अंबुबाई सोमवारी मुकाट सुपारी देणार. न वाचावं तर का वाचत नाही म्हणून तिघी विचारणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

शनिवारी दुपारी तिनं फडकं सोडलं आणि पुस्तक उघडलं. तिघींनी पाल्याच्या मुठी तिच्या टोपलीत टाकल्या. आवाज ठणठणीत लागला.

"'बाईनं सुपारी खाली ठेवली,'" मनुबाई वाचू लागली, "'आणि म्हणाली, मी देणार नाही. तिनं आपलं गाठोडं उचललं आणि ती उंबरा ओलांडून गेली.'"

"आगं बाई!" तारामतीचा हात थांबला.

"'ती रेल्वेत बसली. लांबच्या गावात मुलींची शाळा होती, तिथं तिला स्वयंपाकाचं काम मिळालं. राहायला खोली मिळाली. खोलीला तिचं स्वतःचं कुलूप होतं.'"

"शाब्बास!" जयाबाईनं मांडीवर थाप मारली. "लिवणारा कोण का असंना, त्याच्या आईनं त्याला पोटभर जेवू घातलेलं दिसतंय!"

"पण नवऱ्याला सोडून..." तारामती कळवळून म्हणाली. "लोक काय म्हणतील? एकटी बाई आजारी पडली तर पाणी कोण दील?"

"घरात पडली तर कोण देतंय गं? सवत?"

दोघींची जुंपली. मनुबाई पुढं पुढं रचत गेली. शाळेतल्या मुली, त्यांच्या वेण्या, पहिल्या पगारात घेतलेलं लुगडं, जे जे एकोणीस वर्षं मनात साठलं होतं ते सगळं तिनं त्या बाईला देऊन टाकलं. अंबुबाई एकटक बघत होती. तिच्या डोळ्यांत कधी नव्हे ती चमक आली होती, आणि त्या चमकेनं मनुबाई आणखी वाहवत गेली.

"मनुबाई," अंबुबाई एकदम म्हणाली, "तू पान उलटलं न्हाईस."

मनुबाईनं घाईघाईनं बोटाला थुंकी लावली.

"मला वाचाय येत न्हाय. पर रोज बगती मी. येवडं वाचलंस की तू बोटाला थुंकी लावून पान उलटतीस. आज बाई घरातनं गेली, रेल्वेत बसली, कामाला लागली, लुगडं घेटलं, आणि पान हाय तितंच." तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "खरं काय लिवलंय? लक्षुमीची आण हाय तुला."

आण घातल्यावर काय करणार? मनुबाईनं खरा शेवट सांगितला. सांगताना ती कुणाकडं बघू शकली नाही.

अंबुबाई हातातलं तंबाखूचं पान चुरत बसली.

"म्हंजे पुस्तकात बी कोण जात न्हाय," ती शेवटी म्हणाली. "वकिलाची बायकू, शिकल्याली, तिला बी दुसरं काय जमलं न्हाय. मग मला काय जमणार? देती मी सुपारी सोमवारी."

"अंबू, पुस्तक लिवणारा बाप्या हाय गं," मनुबाई घाईघाईनं म्हणाली. "त्याला काय ठावं?"

"त्याला ठावं नसंल. पर तुला ठावं हाय न्हवं? तुजं तर झ्याक चाललंय की! सगळं गाव नाव काढतंय."

इथं मनुबाईनं बोलायला हवं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण आजूबाजूला बायका कान टवकारून बसलेल्या, आणि एकोणीस वर्षं कमावलेलं नाव! तिनं फडकं बांधलं आणि पाला निवडायला घेतला. स्वतःचा इतका राग तिला जन्मात कधी आला नव्हता.

सोमवारी देवळापुढं पुरुष जाजमावर बसले होते आणि बायका कट्ट्याच्या कडेला. नवरीचा बाप नवा रुमाल बांधून ताठ बसला होता. अंबुबाईच्या मुठीत सुपारी होती. मूठ इतकी आवळलेली की बोटं पांढरी पडली होती. जयाबाई आणि तारामती खाडा करून आल्या होत्या. मनुबाईला वाटत होतं, आपण आजारी पडावं, वीज पडावी, काहीही व्हावं पण आपलं नाव कुणी घेऊ नये.

नागोजीअण्णा भावकीतले वडीलधारे. त्यांनी खाकरून सुरुवात केली. "अंबू, पोरी, भिऊ नगंस. ह्यात कमीपणा न्हाय. ही बग मनुबाई. दोगी एका ताटात जेवल्यागत ऱ्हायल्या. मनुबाई, तुमीच सांगा तिला."

मनुबाई उठली. यल्लाप्पा पुढच्या रांगेत मान डोलवत बसला होता. तिनं एकदा अंबुबाईच्या मुठीकडं बघितलं आणि तिचा आवाज कापू लागला.

"मी सुपारी दिली ती भिऊन दिली. मोठ्या मनानं न्हवं. न्हाय दिली आन ह्यांनी हाकललं तर माजा बाप घरात घील का न्हाय, ठावं नव्हतं. त्या दिवसापासनं मी त्या घरात हाय, पर त्या घरात मी कोण हाय त्ये..."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. यल्लाप्पाचं तोंड लालबुंद झालं. तो तटकन उठला आणि ओरडला, "आक्का, गप बस! घरला चल!"

जाजमावरची सगळी डोकी गर्रकन यल्लाप्पाकडं वळली.

"कुणाला म्हणालास रं?" नागोजीअण्णांनी हळूच विचारलं.

आपण काय बोललो हे यल्लाप्पालाही आत्ताच कळत होतं.

"मलाच म्हणालं," मनुबाई म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता. "मालू, माजी सवत, आली तवा मला आक्का म्हणाली. थोरली म्हणून. बरं वाटलं. मग पोरं झाली, ती आईचं ऐकून आक्का म्हणाया लागली. त्ये बी बरं वाटलं. मग ह्ये बी म्हणाया लागलं. मुद्दाम न्हवं. घरात समदी म्हणत्यात म्हणून. धा वर्षं झाली. आक्का, भाकरी वाड. आक्का, बैलांना पाणी ठेव. पैल्यांदा म्हणालं त्या दिवशी मी चुलीपुढं लई रडले. त्यांनी इच्यारलं, धूर झालाय का?"

कुणी हसलं नाही. तारामतीनं पदर तोंडाला लावला. हीच तारामती मन मोठं करावं म्हणून आठवडाभर भांडली होती.

अंबुबाई उठली. नवरीच्या बापानं रीतीप्रमाणं हात पुढं केला होता, पण ती त्याच्यापुढून सरळ मष्णूकडं गेली आणि सुपारी त्याच्या पुढ्यात जाजमावर ठेवली.

"तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमची आक्का व्हायचं न्हाय मला."

मष्णूनं मान वर केली नाही. नवरीच्या बापानं पायात वहाणा सरकवल्या. बैठक मोडली, बायका अंबुबाईभोवती गोळा झाल्या आणि जयाबाई तिला दंडाला धरून आपल्या घराकडं घेऊन गेली.

मनुबाई कट्ट्यापाशी उभी होती. आता घरी काय वाढून ठेवलंय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. यल्लाप्पा दहा पावलांवर थांबला होता. त्याला तिला घरी चल म्हणायचं होतं. दोनदा त्यानं तोंड उघडलं, दोनदा मिटलं. बायकोला कुठल्या नावानं हाक मारायची, हेच त्याला आठवेना.