पोटरीवरचं गोंदण

"मॅडम, काळं आलंय," ऑपरेशन थिएटरमधून सर्जनचा फोन. "सगळं काढून टाकू का? लवकर सांगा."

सगळं म्हणजे गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं. पेशंट शालन, माण तालुक्यातली, वय अठ्ठावीस. मूल अजून नव्हतं, आणि हवं होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या तळपायावरचा मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा काळा कॅन्सर, काढला होता. तो कधीकधी अंडाशयापर्यंत पोचतो, आणि आता नेमकी तिथेच गाठ दिसली होती.

मी साताऱ्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट भुलीखाली असतानाच तुकडा गोठवायचा, काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि वीसेक मिनिटांत निकाल द्यायचा. याला फ्रोझन म्हणतात.

दोन डबे आले. पहिल्यात अंडाशयातली गाठ. कापली तर आत केसांचा बुचका आणि चक्क एक दात! हा डरमॉइड, कॅन्सर नव्हे. कापही साधा निघाला. मी टाळीच वाजवली.

दुसऱ्यात पोटातलाच लिम्फ नोड, म्हणजे शरीराची गाळणी. कोळशासारखा काळा. कापात काळे कण ढीगभर, पण कॅन्सरच्या पेशी काही सापडेनात.

"गोंदलंय का हिनं?" मी फोनवर विचारलं.

"फाइलमध्ये नाही. पाय निर्जंतुक चादरीखाली आहेत, आत्ता उघडता येणार नाहीत."

मी चप्पल न घालताच थिएटरच्या दारापर्यंत पळाले. बाकावर शालनची सासू बसली होती.

"आवं, पोटरीवर हाय की! जत्रंत मीच गोंदवून आनलं. मेल्यावर तेवढाच दागिना संगं येतुया."

"मग फॉर्म भरताना सांगितलं का नाही?"

"गोंदान काय आजार हाय व्हय?"

पायावरची शाई वर सरकत गाळणीत अडकू शकते. तरी खात्री हवी. मेलॅनोमाचा काळा रंग एका रसायनानं धुऊन जातो, शाई जात नाही. रसायन टाकलं. काळं जागचं ढिम्म हललं नाही.

"शाई आहे, शाई!" मी फोनवर ओरडले. "गाठ काढलीत तेवढं पुरे. बाकी हात लावू नका!" पलीकडे अख्खं थिएटर हसत होतं. इकडे मी आणि आमच्या टेक्निशियन सुनंदाताई, दोघी पन्नाशीच्या, फुगडी घालत होतो.

पक्का रिपोर्टही तसाच आला. मी सासूबाईंना सगळं समजावलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"मेल्यावर संगं यायचं ते जित्तेपनीच पोटात जाऊन बसलं की वो!"

आमच्या फॉर्मवर आता गोंदणाचा रकाना आहे. आणि काळं दिसलं की मी आधी सूक्ष्मदर्शकाला विचारते, मग सासूला. दोघांचं जुळलं तरच सही करते.