धरणाच्या गाळात वीस मिनिटं

आंदर मावळातल्या एका धरणावर मासे धरायला गेलेले तिथल्या गावातले आबा घरी परतले नव्हते. त्यांची रिकामी होडी तेवढी काठाला लागली होती. मी लोणावळ्यात पोहणं शिकवतो, पाणबुड्याचं कामही शिकलोय, म्हणून सकाळीच मला बोलावणं आलं.

पाणी नुसतं गढूळ. माझ्या कमरेला दोरी होती, तिचं टोक काठावर जोडीदाराच्या हातात. तो रेल्वेतून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा. त्यानं एक हिसका दिला की मी एक द्यायचा, म्हणजे सगळं ठीक. मी दोन दिले तर अडकलोय, ओढू नकोस. वीस मिनिटं झाली की काही सापडो न सापडो, वर यायचं. दुसरा पाणबुड्या पाठीवर हवेची टाकी चढवून तयार बसला होता.

दहा-बारा फूट खोल गेल्यावर टॉर्चच्या उजेडात गाळाशिवाय काही दिसेना. मी डोळेच मिटले. हातानं तळ चाचपत निघालो. स्वतःचा श्वास सोडला तर दुसरा आवाज नव्हता. हाताला माणूस लागावा असंही वाटायचं, लागू नये असंही.

लागलं ते जाळं. मागे सरकलो तर टाकीची तोटी त्यात गुंतली. अशा वेळी झटापट करायची नाही, हे मी इतरांना शिकवतो. तरी एकदा पाय झाडलेच. मग थांबलो, सावकाश श्वास घेतले. तेवढ्यात वरून हिसका आला. मी दोन दिले. दोरी लगेच सैल झाली. पायाला बांधलेला चाकू काढून डोक्यामागे हात नेला आणि एकेक धागा चाचपून कापत राहिलो. किती वेळ गेला, कळलं नाही.

वर आलो तेव्हा दुसरा पाणबुड्या कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता. काठावर आबांची बायको बसली होती.

"घावलं का?"

"नाही, मावशी. खाली जाळं आहे, अडकलो होतो. आज परत उतरता येणार नाही."

माझ्या टाकीला लोंबणारा तुकडा तिनं हातात घेतला. "त्येंचंच हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "जावा तुमी. घरची वाट बघत असतील."

मी मान हलवली. माझ्या घरी कुणी नसतं, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

आबा तिसऱ्या दिवशी आपणहून पाण्यावर तरंगत वर आले. मला फोनवर कळलं. तेव्हा मी पोहण्याच्या तलावावर शिकवत होतो. शिकवणी संपली, सगळे गेले, तरी बराच वेळ मी काठावर बसून राहिलो.