सूर्य मागं हाय

शेजारच्या काकूंचा मुलगा कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटावर बोटी दुरुस्त करतो. सुट्टीत इथे किनाऱ्यावरच्या आमच्या नवापूरला आला की मला नुसती मान हलवून विचारपूस करतो, कारण मी लाजते हे त्याला ठाऊक आहे. काकू रोज म्हणतात, "आता इतंच रा रे." तो हसून बोंबील वाळत घालू लागतो.

नवापूरला सूर्य समुद्रात मावळतो. काल सकाळी तो तांब्या घेऊन समुद्राकडे तोंड करून सूर्याला पाणी देत होता. काकू हसल्या. "अरे बाबू, सूर्य तुज्या मागं हाय."

"आमच्याकडं दर्यातूनच उगवतो, आये," तो सहज बोलला आणि वळला.

आमच्याकडं म्हणजे त्या बेटावर. काकूंचं हसू थांबलं. आज त्यांनी त्याला राहायला सांगितलं नाही. त्याच्या बॅगेत भरायला सुके बोंबील निवडत बसल्या.