दोघांचीही लस झालेली आहे

माझी ही फजिती सांगतो, पण एका अटीवर. शुभांगी घरात असली की हा विषय काढायचा नाही. ती मग सगळं पहिल्यापासून नकलांसकट सांगत बसते आणि माझा चहा गार होतो.

तर मी मूळचा अकोल्याचा. नोकरीपायी बायकोला, म्हणजे शुभांगीला, घेऊन मैसूरला आलो, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या अकोल्याकडे 'हो' म्हणायचं तर 'हाव' म्हणतात, आणि 'नाही'चं होतं 'नाई'. हे दोन शब्द तेवढे लक्षात ठेवा. माझा जो काही पोपट झाला, तो या दोघांनीच केला.

झालं असं, की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अकोल्यात ती एकटी. तिला इकडे आणायचं ठरलं, मामेभावानं शुक्रवारचं तिकीटही काढून टाकलं. आणि आम्ही राहत होतो दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. डॉक्टरांनी तर बजावून सांगितलं होतं, जिना चढायचं नावही काढायचं नाही. आता आईला काय पिशवीत घालून दोरीनं वर ओढणार का? तळमजल्यावरचं घर शोधून शोधून माझ्या चपला झिजल्या. कुठं तळमजला म्हणजे दुकानाचं गोदाम, कुठं पुढं पायऱ्यांची रांग. रात्री झोप लागेना.

शेवटी आमच्या बिल्डिंगमधले शिंदे मामा मदतीला धावले. मामांचे पूर्वज मैसूरच्या राजाच्या फौजेत आलेले. घरात अजून मराठी बोलतात, पण त्यांचं वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडमध्ये जाऊन उतरतं. 'म्हणे'ला 'अंते', 'मग'ला 'मत्ते'.

"कुवेंपुनगरात पुट्टस्वामी सर म्हणून आहेत बघ," मामा म्हणाले. "पिरियापट्टणाला मास्तर होते. खालचं घर रिकामं आहे अंते. पुढं एकच पायरी. मी बन्नूरला मुलीकडे जाऊन येतो रविवारी, मत्ते बोलतो."

"मामा, रविवार कशाला? नंबर द्या. मीच बोलतो."

"सरांना इंग्लिश येतं. इंग्लिशमध्ये बोल, आं?"

आता इथं माझी अक्कल बघा. घरमालकाशी त्याच्या भाषेत बोललं की तो विरघळतो, असं मला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. आणि वर्षभरात भाजीवाल्याशी दोन-चार वाक्यं बोलून मला वाटत होतं, आपल्याला कन्नड येतं. कन्नडमध्ये 'हो'ला 'हौदु' आणि 'नाही'ला 'इल्ला', हे मला झोपेत विचारलं तरी येत होतं. पण माणूस घाबरला की तोंडात येतं ते आईचंच.

फोन लावला. सर कन्नडमध्ये म्हणाले, घरात कोण कोण? मी ऐटीत सांगितलं, "नानु, हेंडती. नेक्स्ट वीक अम्मा." म्हणजे मी, बायको, आणि पुढच्या आठवड्यात आई.

"मक्कळु?" मुलंबाळं?

"नाई, नाई," मी म्हणालो.

मग सर म्हणाले, "एरडा?" म्हणजे दोन का? मला वाटलं, सध्या दोघंच का, असं विचारतायत. मी म्हणालो, "येस सर, एरडू, एरडू."

"आत्ताच्या घरात काही प्रॉब्लेम आहे का?" यातला 'प्रॉब्लेम' तेवढा मला नीट कळला.

"हाव," मी म्हणालो.

"हावा?" सर एकदम मोठ्यानं म्हणाले.

"हाव सर, हाव. सेकंड फ्लोअर. नो लिफ्ट."

"सेकंड फ्लोअर? अय्यो देवा," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी कणव होती, की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. काय माणूस आहे, मी शुभांगीला म्हणालो, आईच्या गुडघ्याची केवढी काळजी त्याला. बघ, भाषेत बोलल्याचा फायदा.

संध्याकाळी सरांचा व्हॉट्सअ‍ॅप आला, इंग्रजीत. काय काय कागद आणायचे त्याची यादी. आधार कार्ड, कंपनीचं पत्र, जुन्या घराचा करारनामा, पासपोर्ट फोटो. इथवर ठीक. त्याच्या खाली होतं, दोघांच्या लसीचे दाखले. दोघांचे पूर्ण उभे फोटो, एक समोरून, एक बाजूनं.

"बाजूनं?" शुभांगी म्हणाली. "हे घर देऊन राहिले का अटक करून राहिले?"

"अगं, इकडची पद्धत असेल. पोलीस व्हेरिफिकेशनला लागत असेल. आणि वर सर आणि त्यांची बायको, दोघं म्हातारे राहतात, लसीचं विचारणारच ना."

मग आम्ही काढले फोटो. ती भिंतीला टेकून, मी भिंतीला टेकून. समोरून, मग बाजूनं. बाजूनं माझं पोट फार दिसत होतं म्हणून मी श्वास आत ओढून परत काढायला लावला. कोविडचे दाखले मी जुन्या मेलमधून शोधले, रंगीत प्रिंट मारली, वर प्लॅस्टिकचं कव्हर चढवलं. काम करायचं तर नीट.

दुसऱ्या दिवशी सरांचे आणखी प्रश्न आले. दोघं लोकल आहेत की बाहेरचे? मी लिहिलं, एक अकोल्याचं, एक यवतमाळचं. रात्री आवाज करतात का? शुभांगी फोन हातातून घेऊन म्हणाली, खरं लिहा. मी लिहिलं, एक करतो, दुसरीला सवय झाली आहे. आंघोळ आठवड्यातून किती वेळा? आता हे जरा लागलं मला. विदर्भातली माणसं पारोशी राहतात असं वाटलं का यांना? मी ठसक्यात लिहिलं, दोघं रोज, उन्हाळ्यात दोनदा. सरांनी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

शेवटचा प्रश्न होता, बाइटिंग हॅबिट?

"म्हणजे काय ग?" मी विचारलं.

"काय म्हणजे? तुमचा खर्रा," शुभांगी म्हणाली. "चावून चावून भिंती रंगवाल म्हणून विचारून राहिले. ते मास्तर होते ते गावच तंबाखूचं. त्यांना नाई कळणार तर कोणाला?"

मला पटलं. खर्रा मी खातो, खोटं कशाला बोला. मी प्रामाणिकपणे लिहिलं, फक्त एकाला आहे. आता बराच कंट्रोलमध्ये आहे. रविवारीच होतं.

उत्तर आलं, रविवारीच या, दहा वाजता. मला बघायचं आहे. दोघांनाही आणा.

रविवारी आम्ही गेलो. घर बघितलं आणि मी तर खल्लासच झालो. खरंच एकच पायरी, तीही बुटकी. पुढं नारळाचं झाड, व्हरांड्यात सावली. आई इथं खुर्ची टाकून बसलेली मला दिसायलाच लागली. हे घर हातचं गेलं असतं तर मी तिथंच बसून रडलो असतो.

पण फाटक बंद. फाटकाच्या आत पुट्टस्वामी सर, पांढरं धोतर, पांढरा शर्ट आणि हातात ही एवढी काठी. मागं त्यांच्या बायको, आंटी. आंटींच्या हातात दोन नवेकोरे स्टीलचे वाडगे, दोन्ही दुधानं भरलेले. मी शुभांगीला हळूच म्हणालो, बघ, इकडे पाहुण्याला चहा नाही, डायरेक्ट दूध.

सरांनी आमच्या मागं वाकून पाहिलं. मग रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. "एल्ली?" कुठायत?

"इल्ली," मी म्हणालो. इथंच आहेत. आणि एक बोट माझ्या छातीवर ठेवलं, एक शुभांगीकडे केलं.

सरांना काही कळेना. मी फाटकावरून फाइल दिली. त्यांनी लसीचे दाखले वाचले. आमचे बाजूनं काढलेले फोटो बघितले. माझ्या पोटाच्या फोटोवर जरा थांबले. मग म्हणाले, "नायि? नायि एल्ली?"

मला ऐकू आलं, नाही नाही. म्हटलं, घर नाही म्हणतात. "असं कसं सर? नाई, नाई, नाई!" मी जीव तोडून म्हणालो.

"मूरा?" सर काठी सावरत म्हणाले. मूरु म्हणजे तीन. त्यांच्या हिशोबात माझ्याकडे आता एकानं वाढ झाली होती.

तेवढ्यात देवासारखे शिंदे मामा रिक्षातून उतरले. बन्नूरच्या बसमधून थेट आलेले, हातात मुलीनं दिलेली गुळाची पिशवी. सर आणि मामा कन्नडमध्ये बोलायला लागले. बोलता बोलता मामांचा चेहरा बदलत गेला. मग त्यांनी ती पिशवी खाली ठेवली आणि तिथंच फाटकाबाहेर बसून पोट धरून हसायला लागले.

"अरे प्रशांता, तू येन बोललास रे त्यांना? नायि म्हणजे कुत्रा. मुलं किती विचारलं, तर तू कुत्रा, कुत्रा म्हणून सांगितलास. सरांना वाटलं, आजकालची माणसं, कुत्र्यांनाच मुलं म्हणतात. दोन आहेत अंते."

मी फाइलकडे बघितलं. लस, बाजूचे फोटो, रात्रीचा आवाज, आंघोळ. आणि चावणं. रविवारीच चावणारा, बराच कंट्रोलमध्ये असलेला तो प्राणी म्हणजे मी होतो. शुभांगीनं पदरात तोंड लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

"आणि हावू म्हणजे साप, गोत्तिल्वा तुला?" मामा डोळे पुसत म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावर साप आहे, लिफ्ट नसून पण चढला, असं सांगितलास तू. म्हणून तर सर घर देतो म्हणाले. म्हाताऱ्या आईला सापाच्या घरात कसं ठेवायचं म्हणून. इथल्या मोऱ्यांना जाळी पण लावून घेतली त्यांनी काल."

आता मात्र माझं हसू पळालं. कुत्री नाहीत, हे एकवेळ चालेल. पण साप नाही, म्हणजे घर देण्याचं कारणच संपलं. आंटी हातातल्या वाडग्यांकडे बघत उभ्या. मामांनी हळूच सांगितलं, यांचा राजा म्हणून कुत्रा होता, तो गेल्यापासून आंटी उदास असतात, त्या फार वाट बघत होत्या. मला इतकं वाईट वाटलं की क्षणभर वाटलं, जाऊन दोन कुत्री घेऊनच यावीत.

मी सगळी भाषा सोडली. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे येईल ते बोललो. म्हणालो, सर, साप नाही, पण आईचा गुडघा आहे. शुक्रवारी निघते ती. जिना नाही चढू शकत. वाटलंच तर मी चावणंही सोडतो.

आंटींनी वाडगे खाली ठेवले आणि फाटकाची कडी काढली. "अम्मा यावाग बर्तारे?" आई कधी येणार?

एवढंच विचारलं त्यांनी. मी असा सुटकेचा श्वास सोडला ना, की माझ्या पोटाचा बाजूचा फोटो परत काढावा लागला असता. सरांनी करार आधीच स्टॅम्प पेपरवर टाइप करून ठेवला होता. भाडेकरू आणि दोन कुत्री असा. कागद कशाला वाया घालवायचा, म्हणून आम्ही त्यावरच सही केली.

आई आली. एकच पायरी चढून आत आली, खुर्चीत बसली, आणि बरं वाटलं बाप्पा म्हणाली. सरांनी दारातूनच आदरानं विचारलं, ऊटा आयता? आईला वाटलं, जेवलात का विचारतायत, बरोबरच वाटलं. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हाव."

सर सगळं माहीत असूनही एक पाऊल मागं गेले.

आता आंटी रोज दुपारी आईजवळ येऊन बसतात. कोणाला कोणाची भाषा येत नाही, पण दोघींच्या गप्पा संपत नाहीत. आणि दर रविवारी वरून पायसम येतं. वाडगे वाया कशाला घालवायचे, म्हणून त्याच दोन वाडग्यांतून, एक माझ्यासाठी, एक शुभांगीसाठी.

पहिल्या रविवारी मी तो वाडगा हातात घेऊन जरा थबकलो होतो. शुभांगी म्हणाली, "गुपचूप खा. आणि कोणाला चावू नका."