एका फुटाला पाव इंच

एस.टी.च्या तिकीट तपासणी पथकात मी एकोणीस वर्षं काढली. नांदेड, लातूर, देगलूर, उदगीर या पट्ट्यात असा रस्ता नाही जिथं मी बस थांबवून प्रवासी मोजले नाहीत. त्या नोकरीनं मला एक खोड लावली. समोरचा माणूस तोंड उघडतोय म्हणजे खोटं बोलणार, असं धरून चालायचं. खरं निघालं तर सोडून द्यायचं. निवृत्त होऊन जळकोटला घरी आलो तरी ही खोड गेली नाही. आमची मंडळी, सिंधु, म्हणते, "तुमी देवळात गेलात तरी घंटा खरी पितळंची हाय का बघता." बघतो. एकदा नव्हती.

तेव्हा बसलिंगप्पांकडेही मी त्याच नजरेनं बघत होतो, यात माझं काही विशेष नाही.

बसलिंगप्पा आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बिनबाह्यांची बंडी आणि बोटांवर कायम वाळलेला फेव्हिकॉल. उदगीरला वडिलांचं किराणा दुकान होतं, पण यांना मालापेक्षा रिकाम्या खोक्यांची गोडी. शेवटी दुकान भावानं घेतलं आणि अप्पा लातूरला गेले. तिथं क्लासच्या गल्लीत एक खोली घेऊन पंचवीस वर्षं त्यांनी पोरांना शाळेचे प्रोजेक्ट करून दिले. थर्माकोलचं हृदय, ज्वालामुखी, पवनचक्की. आज डॉक्टर म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी पोरांनी पहिलं हृदय अप्पांच्या हातचं बघितलं असेल. बायको शांतम्मा गेल्यावर त्यांचं लातुरात मन लागेना, म्हणून जळकोटला परतले.

इथल्या एका शाळेनं सुवर्णमहोत्सवाला त्यांच्याकडून शाळेची छोटी प्रतिकृती करून घेतली होती. पाहुण्यांनी टाळ्यांच्या गजरात वरचं कापड काढलं, तर तिसरीच्या वर्गाच्या खिडकीची काच फुटलेली आणि मुतारीला दार नाही. हेडमास्तर लालबुंद. "अप्पा, हे दाखवायची काय गरज होती?"

"हाय ना सर तसं," अप्पा म्हणाले. "जे हाय ते केलं."

सगळे हसले, मीही हसलो. पण मनात म्हटलं, या दोघांचं काहीतरी जुनं भांडण असणार.

मागच्या ऑक्टोबरात नायगावकडच्या रस्त्यावर, अगदी आमच्या शेताला लागून, अपघात झाला. अप्पांचा जावई अमरनाथ भाड्याची कार चालवतो. तो जळकोटकडं येत होता आणि समोरून रामलिंग नावाचा शेजारच्या गावचा शेतकरी मोटारसायकलवर. भर दुपारी समोरासमोर धडक. अमरनाथचा पाय तीन ठिकाणी मोडला. रामलिंग दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. पंचनाम्यात कार पूर्ण उजव्या बाजूला सापडल्याची नोंद झाली, म्हणजे चूक कारची. अमरनाथ शुद्धीवर आल्यापासून एकच सांगत होता : "डाव्या बाजूला सोयाबीन वाळत घातलं होतं. कडंनं दगड लावले होते. म्हणून गाडी उजवीकडं काढली." पण पंचनाम्यात रस्ता मोकळा होता, आणि गावातल्या एकाही माणसानं सोयाबीन बघितलं नव्हतं. आता केस उभी राहिली होती. अमरनाथ आत जाणार असंच सगळे धरून चालले होते.

मी त्या दिवशी नांदेडला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी होतो. परत आल्यावर सिंधुला आणि हरिओमला विचारलं. हरिओम म्हणजे आमचा मुलगा, शेती तोच बघतो. दोघं म्हणाले, रस्त्यावर काही नव्हतं. विषय संपला. घरच्या माणसाकडं मी कधी तिकीट मागितलं नाही. अमरनाथ मोबाइलवर बोलत असणार, असं मी पारावर चार जणांना सांगूनही टाकलं.

एक दिवस अप्पा घरी आले. म्हणाले, "शेषेरावसाहेब, वकील म्हणायलेत की कागदावरच्या नकाशात काय कळत न्हाई, जागा डोळ्यांनी दिसली तर बरं. मी अपघाताचा देखावा करतोय. तुमचं शेत हाय तिथं. कोणतं झाड कुठं हाय तेवढं सांगा."

आता बघा. सासरा जावयासाठी पुरावा करणार, आणि तोही असा माणूस, ज्याच्या हातात काहीही बनवायची कला आहे. थर्माकोलचं हृदय करणारा माणूस सोयाबीनचं वाळवण काय करू शकणार नाही? मी लगेच हो म्हटलं. झाडं सांगायला नाही, चोरी पकडायला.

ओसरीवर सहा फुटांची फळी टाकून काम चाललं होतं. माप ठरलेलं : एका फुटाला पाव इंच. रस्ता पॉलिश पेपरचा, त्याच्यावर खड्डेसुद्धा कोरलेले. अप्पा स्वतः टेप घेऊन जाऊन खड्डे मोजून आले होते. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी आधी धडधाकट कार केली, रंगवली, काचा बसवल्या, आणि मग फोटो समोर ठेवून छोट्या हातोडीनं ती ठोकली. मी म्हटलं, "अप्पा, सरळ मोडकीच करायची की."

"मोडकी कशी करणार? आधी धड होती ना ती."

मोटारसायकल तारेची होती. रामलिंगचा पुतळा मात्र त्यांनी केला नव्हता. तो पडला होता तिथं फक्त एक चप्पल ठेवली होती, नखाहून लहान. "त्याची पोरगी येईल कोर्टात," एवढंच म्हणाले.

मी रोज जायला लागलो. लिंब दोन फूट अलीकडं घ्या, बाभळीला फांदी कमी करा, असं काहीबाही सांगायचं आणि नजर सगळीकडं फिरवायची. तिसऱ्या दिवशी मला हवं ते सापडलं. भिंतीवरच्या फळीवर, देवाच्या फोटोमागं, झाकण ठेवलेली एक वाटी. उघडली तर आत हळद लावून वाळवलेला बारीक रवा. पिवळाजर्द. या मापाला तो हुबेहूब सोयाबीन दिसला असता.

"हे काय?"

"रवा."

"कशाला?"

"लागला तर लागंल," अप्पा म्हणाले आणि झाड चिकटवत बसले.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. फुकट्या प्रवासी सीटखाली लपलेला दिसावा तसा आनंद. घरी येऊन सिंधुला सांगितलं, "म्हातारा रस्त्यावर सोयाबीन पसरणार बघ." सिंधु भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मला वाटलं, तिलाही माझ्यासारखीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीच्या पायरीवर चप्पल काढत होतो तेव्हा आत अप्पांची मुलगी शिवगंगा रडून बोलत होती. "अप्पा, चार दिवसांवर तारीख आलीय. रवा मीच करून दिलाय, मग घाला ना! ते खोटं बोलत न्हाईत, तुमाला माहीत हाय!"

"मला माहीत असून काय करू? एकाबी फोटोत न्हाई. मी बघितलं न्हाई. जे दिसंना ते मी करणार न्हाई, बाई."

"आणि ते आत गेले तर?"

अप्पा म्हणाले, "तर मी रोज डबा घेऊन जाईन."

मी पायरीवर तसाच उभा राहिलो. शरम वाटली, पण पूर्ण नाही. मला वाटलं, मी आलोय हे बघून तर दोघं असं बोलत नसतील? माणूस एवढा नालायक होऊ शकतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

आत गेलो. अप्पांनी कानडीत "बर्री, कूड्री", या, बसा, म्हणून पाट पुढं सरकवला. देखावा जवळजवळ पुरा झाला होता. एका बाजूला वकिलांनी दिलेले फोटो मांडले होते. अपघातानंतर कुणा प्रवाशानं मोबाइलवर काढलेले. अप्पांनी शिवगंगाच्या मोबाइलवर एकेक फोटो मोठा करून त्यातली प्रत्येक वस्तू केली होती : फुटका आरसा, पाण्याची बाटली, गुटख्याची पुडी. मी भिंग घेऊन एकेक वस्तू फोटोशी ताडून बघायला लागलो. कुठंतरी एक वस्तू जास्तीची सापडेल, अशी मला अजून आशा होती.

रस्त्याच्या डाव्या बाजूला, गवतात, ज्वारीच्या दाण्याएवढा एक दगड होता. त्यावर काहीतरी लाल. मी भिंग जवळ नेलं.

इंग्रजी सात. मधून आडवी रेघ मारलेला.

इथं एक सांगायला पाहिजे. वाळवणाच्या कडेनं लावायला मी निवृत्तीनंतर चोवीस सारखे दगड निवडून आणले होते, आणि कुणी उचलून नेऊ नयेत म्हणून लाल ऑइल पेंटनं त्यांच्यावर नंबर टाकले होते. सिंधु तेव्हा हसली होती, दगडाला कोण नंबर टाकतं म्हणून. सातला मी मधून रेघ मारतो. कंडक्टरच्या कागदावर एक आणि सात यांची गफलत होऊ नये म्हणून पथकात लागलेली ही सवय. अख्ख्या जळकोट तालुक्यात असा सात दगडावर काढणारा दुसरा माणूस नाही.

"हा दगड..." मी भिंग न हलवता म्हटलं.

"फोटोत हाय," अप्पा म्हणाले.

"त्याच्यावर काय लिहिलंय?"

"लाल रेघा हायत. दिसल्या तशा काढल्या." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ब्रश पुसत राहिले.

मी तिथून सरळ शेतात गेलो. आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, शेडमध्ये दगड रचून ठेवलेले होते. मोजले. परत मोजले. तेवीस. सहानंतर आठ.

घरी आलो तेव्हा माझ्या तोंडाकडं बघूनच सिंधु खाली बसली. मी काही विचारलं नाही, तरी तिनं सांगितलं. "पावसात भिजलेला माल. बाजारात कोणी घेईना. दोन दिवस ऊन पडलं म्हणून घातला रस्त्यावर. सगळेच घालतात."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुमच्या डोळ्याला पट्टी होती."

"पट्टी आठ दिवसांत निघाली, सिंधु!"

"पोरगं आत गेलं असतं," ती म्हणाली.

हरिओम दारात उभा होता. तीस वर्षांचा गडी, पण खांदे असे पाडून की मला त्याच्याकडं बघवेना. "मीच काढलं अमरनाथला गाडीतून, बाबा. रामलिंगला पाणी पाजलं. तवर आईनं ताडपत्री ओढली, दगड उचलले. एक राहिला. मागून लई हुडकला, सापडला न्हाई." मग म्हणाला, "त्या दिवसापासून त्या रस्त्यानं मी गाडी चालवली न्हाई. तुमी बघितलं का कधी? बांधानं जातो."

मी नव्हतं बघितलं. साऱ्या मराठवाड्याचे प्रवासी मोजले आणि स्वतःच्या घरात दोन माणसं, त्यांच्याकडं बघितलं नाही. मला राग आला तो त्या दोघांपेक्षा माझाच जास्त आला. अमरनाथच्या मोबाइलची गोष्ट मी पारावर किती चवीनं सांगितली होती!

सकाळी मी हरिओमला म्हटलं, "चल."

वाटेत त्यानं विचारलं, "मला काय होईल?"

"माहीत न्हाई," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं. तो थांबला. मला वाटलं, मागं फिरतोय. पण चप्पल नीट करून तो पुढं चालायला लागला.

अप्पा ओसरीवरच होते. आम्हा दोघांना बघून उठले. अमरनाथ आत खाटेवर पाय लांब करून पडला होता, दारातून दिसत होता. हरिओम देखाव्यापुढं उभा राहिला. त्या चपलेकडं बराच वेळ बघत होता. मग त्यानं बोट टेकवलं.

"हितून... हितवर. आठ फूट रुंद, तीस फूट लांब. सात नंबर ह्या कोपऱ्याला होता."

शिवगंगा उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. आत अमरनाथ उठायची धडपड करत होता. अप्पांनी निळ्या प्लास्टिकचा तुकडा घेतला, दोन इंच रुंद, साडेसात इंच लांब मोजून कापला, रस्त्यावर चिकटवला. मग देवाच्या फोटोमागची वाटी काढली आणि हरिओमला विचारलं, "थर किती होता?"

"बोटभर."

अप्पांनी चिमटीनं रवा पसरला. पाठीत वाकलेले, श्वास धरून. पसरून झालं आणि ती ठोकलेली कार उजवीकडं का गेली, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मला राहवलं नाही. "अप्पा, तुमाला तो सात वाचता आला होता. झाडं विचारायला आला नव्हतात तुमी."

"झाडंबी इचारली की," अप्पा म्हणाले. मग खालच्या आवाजात, "मी सांगितलं असतं तर तुमी खरं धरलं असतं का, साहेब?"

अप्पांनी डब्यातून ज्वारीच्या दाण्याएवढे खडे काढून वर्तमानपत्रावर ओतले. "दुपारी वकिलाकडं जायचं. तवर हे व्हायला पाहिजे. दगड किती होते?"

"चोवीस," मी म्हटलं. "नंबर मी टाकतो."

त्यांनी एका केसाचा ब्रश आणि लाल रंगाची डबी माझ्याकडं सरकवली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं नीट दिसेना, म्हणून हरिओमनं भिंग धरलं. मी एकपासून सुरुवात केली.